जाड झालेलं हृदय बळकट का नसतं

प्रश्न थोडक्यात असा: "आमची चिमी तेरा वर्षांची मांजर. एके सकाळी भिंतीला धडकायला लागली म्हणून डॉक्टरांकडे नेली. बीपी १९५ निघालं, किडनीही थोडी कमजोर निघाली. टू-डी इको केली तर हृदयाची डावी भिंत साडेसहा मिलिमीटर, म्हणजे जाड झाली आहे म्हणाले. माझा मुलगा जिमला जातो, त्याचे दंड जाड झाले तर सगळे कौतुक करतात. मग हृदयाचा स्नायू जाड झाला तर वाईट कसं? आत पेशींचं नक्की काय होतं, त्या वाढतात की मरतात? आणि औषधाने मागे येतं का?"

ताई, मुलाच्या दंडाचा प्रश्न साधा वाटतो, पण संशोधक त्यावर अजून भांडतात. त्याकडे येतेच. आधी चिमीपुरतं सांगते. तिच्या हृदयात पेशींची संख्या वाढलेली नाही, होत्या त्याच पेशी रुंद झाल्या आहेत. नुसतं रुंद होणं हा आजार नव्हे. पेशी वाढते आणि तिच्या आजूबाजूचं सगळं, म्हणजे रक्तपुरवठा, आतली कॅल्शियमची ने-आण, पेशींमधली जागा, तिच्या मागे पडतं. आजार तिथे आहे. औषधाने बरंच मागे येतं, पण सगळं सारखं येत नाही.

शब्दाचा एक घोळ आधीच मिटवते. मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा सगळ्यात लहान घटक आणि स्नायू म्हणजे मांस. हिंदीत 'पेशी' म्हणजे आपला स्नायू. इंटरनेटवर हिंदी मजकूर वाचून आलेले लोक 'हृदयाच्या पेशी वाढल्या' म्हणतात तेव्हा कधी कधी त्यांना फक्त 'स्नायू वाढला' एवढंच म्हणायचं असतं. इथे मी पेशी म्हणेन तेव्हा ती एकेक सुटी पेशी.

सुटी म्हणजे खरोखर सुटी. प्राण्यांचा दवाखाना थाटण्यापूर्वी काही वर्षं मी उंदरांच्या हृदयांवर काम केलं. गुंगीत असलेल्या उंदराचं हृदय काढायचं, महाधमनीत नळी बांधून ते टांगायचं आणि उलट्या दिशेने कोमट द्राव सोडायचा. ऑस्कर लँगेनडॉर्फ या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये ही रीत बसवली, ती आजही चालते. शरीराबाहेर टांगलेलं ते हृदय धडधडत राहतं. मग द्रावातलं कॅल्शियम काढून घेतलं की ते थांबतं, आणि कोलॅजेन विरघळवणारं विकर (एन्झाइम) सोडलं की पेशींना एकमेकींशी बांधणारे धागे सुटायला लागतात. वीसेक मिनिटांत घट्ट लाल हृदय भिजलेल्या स्पंजसारखं लिबलिबीत होतं. कात्रीने तुकडे करून हलवलं की पेशी मोकळ्या. पुढचं काम नाजूक. कॅल्शियम परत द्यायचं ते थेंबाथेंबाने. एकदम दिलं की पेशी आकसून मरतात. सुरुवातीचे दोन महिने माझ्या बशीत रोज मेलेल्या पेशींचे गोळेच असायचे.

जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला सोपी. ती लांबट, चौकोनी टोकांची, विटेसारखी दिसते आणि तिच्या अंगावर बारीक आडवे पट्टे असतात. मेलेली पेशी गोल. उंदराची जिवंत पेशी साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन लांब आणि विसेक मायक्रॉन रुंद. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे पेशीची लांबी तुमच्या केसाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. विजेचा हलका झटका दिला की सगळे पट्टे एकदम जवळ येतात आणि पेशी आखडून परत सैल होते. एकटी पेशी, बशीत, कोणाशी संबंध नसताना ठोका देते. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी जेवायला विसरले होते.

साध्या उंदराची पेशी आणि बीपीवाल्या उंदराची पेशी शेजारी शेजारी ठेवली तर फरक मोजपट्टीशिवायही जाणवतो. लांबी जवळजवळ तीच, रुंदी जास्त.

हे 'बीपीवाले उंदीर' आले जपानमधून. क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी विस्टार जातीच्या उंदरांतला जास्त रक्तदाबाचा नर निवडला, तशीच मादी शोधली, आणि पिढ्यानपिढ्या जास्त दाबाचीच पिल्लं पुढे वाढवली. १९६३ मध्ये त्यांनी ही जात जाहीर केली. ना मीठ चारायचं, ना किडनीला धक्का लावायचा, काही आठवड्यांचं पिल्लू झालं की दाब आपोआप चढतो आणि पुढे १८०-२०० वर राहतो. गंमत म्हणजे हा उंदीर त्या दाबाने लगेच कोसळत नाही. जाड हृदय घेऊन तो वर्षभराहून अधिक काळ मजेत जगतो, खातो, भांडतो. वय दीड-दोन वर्षांच्या घरात गेलं की बऱ्याच जणांचं हृदय ढेपाळतं, धाप लागते, छातीत पाणी होतं. उंदराचं पूर्ण आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, म्हणजे त्याच्या हिशोबाने ही म्हातारपणीची गोष्ट. आत काय शिजत होतं, हे शोधण्यात कित्येकांच्या कारकिर्दी गेल्या.

आता पेशी रुंद का होते, ते बघू. तिच्यात आकुंचनाचे छोटे घटक असतात, सार्कोमिअर, प्रत्येक सुमारे दोन मायक्रॉनचा. मघाचे पट्टे म्हणजे हेच. दाब वाढला की पेशी नवे सार्कोमिअर आधीच्यांच्या बाजूला लावते, एका दोराशेजारी दुसरा दोर लावावा तसे, म्हणून रुंदी वाढते. झडप गळकी असेल आणि हृदयात रक्ताचं प्रमाणच वाढलं असेल तर नवे सार्कोमिअर टोकाला जोडले जातात, पेशी लांब होते आणि हृदय मोठ्या पिशवीसारखं होतं. म्हाताऱ्या पॉमेरेनियन कुत्र्यांत झडपेच्या आजाराने होतं ते हे दुसरं. चिमीचं पहिलं.

बाजूला लावण्यामागे हिशोब आहे. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले पोकळीची त्रिज्या, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. हा लाप्लासचा जुना नियम. चिमीचे आकडे त्यात घालून बघा. दाब १३० चा १९५ झाला, म्हणजे दीडपट. भिंत सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास असेल, ती साडेसहा झाली, म्हणजे तीही दीडपट. पोकळी तेवढीच धरली तर प्रत्येक पेशीवरचा ताण होता तिथेच राहिला. खऱ्या हृदयात गणित इतकं गोड जुळत नाही, कारण भिंत जाडावली की पोकळीही अरुंद होते. तरी हृदय काय साधायला बघतंय ते कळतं. १९७० च्या दशकात विल्यम ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या हृदयांची मापं घेऊन हीच कल्पना मांडली, आणि अनेक वर्षं सगळ्यांनी ती शिरोधार्य मानली. मीही विद्यार्थ्यांना तशीच शिकवली. तिला तडा कुठे गेला, ते पुढे सांगते.

नवी पेशी का तयार होत नाही, असं तुम्ही विचाराल. उंदराच्या हृदयपेशी जन्मानंतर आठवडा-दोन आठवड्यांत विभाजन जवळजवळ बंद करतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने एक दिवसाच्या पिल्लांच्या हृदयाचं टोक कापून दाखवलं, तर ते पुन्हा भरून आलं. सात दिवसांच्या पिल्लांत तोच काप घेतला तर व्रण राहिला. एका आठवड्यात दार बंद. त्या काळात बहुतेक पेशींत केंद्रक एकदा दुभंगतं पण पेशी दुभंगत नाही, म्हणून मोठ्या उंदराच्या हृदयपेशीत सहसा दोन केंद्रकं दिसतात. डुकरात तर त्याहून कितीतरी जास्त. मुलाच्या दंडाशी पहिला फरक इथेच पडतो. दंडाच्या स्नायूला चिकटून काही राखीव पेशी असतात. व्यायामाने त्या जाग्या होतात आणि वाढणाऱ्या तंतूला नवी केंद्रकं देतात. हृदयाकडे अशी कामाला येईल इतकी राखीव फौज नाही. जी माणसं आहेत त्यांच्याकडूनच जास्तीचं काम काढायचं.

दाब वाढलाय हे पेशीला कळतं कसं? तिला मोजपट्टी नाही, तिला ताण कळतो. तिच्या कवचातून बाहेरच्या जाळ्याला धरून ठेवणारे रेणू असतात, आत टायटिन नावाचं स्प्रिंगसारखं लांबलचक प्रथिन असतं. ते खेचले गेले की निरोप आत जातो. १९९३ मध्ये सादोशिमा आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या हृदयपेशी ताणता येणाऱ्या रबरी पडद्यावर वाढवल्या आणि पडदा खेचला. तिथे रक्त नाही, किडनी नाही, मेंदू नाही, तरी पेशींनी स्वतः अँजिओटेन्सिन हे दाब वाढवणारं रसायन सोडलं आणि त्यामुळे स्वतःच वाढायला लागल्या. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात देखणा प्रयोग. बीपीच्या ज्या गोळ्या अँजिओटेन्सिन अडवतात त्यांचा फायदा नुसत्या दाब उतरवण्यापुरता नसावा, ही शंका तेव्हापासून बळावली.

आत गेलेले निरोप अनेक वाटांनी केंद्रकापर्यंत पोचतात. सगळ्या सांगत बसले तर तुम्ही झोपाल. एकच सांगते. पेशीतलं कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्यूरिन नावाचं विकर जागं होतं आणि ते एका रेणूला केंद्रकात जायची परवानगी देतं. १९९८ मध्ये मोल्केंटिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयात हे विकर कायमचं चालू ठेवलं. दाब अजिबात न वाढवता हृदय प्रचंड जाड झालं आणि मग निकामी झालं. अवयव बदललेले रुग्ण घेतात ते सायक्लोस्पोरिन हेच विकर अडवतं, म्हणून तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण ते औषध किडनीला त्रास देतं आणि दाबही वाढवतं. पुढच्या प्रयोगांचे निकाल उलटसुलट आले आणि आशा मावळली.

केंद्रकात निरोप पोचला की पेशी एक विचित्र गोष्ट करते, गर्भात असतानाचे जनुक पुन्हा उघडते. मोठ्या झालेल्या उंदराच्या हृदयात जलद चालीचं मायोसिन, म्हणजे आकुंचन घडवणारं प्रथिन, असतं. दाबाखाली त्याची जागा गर्भातलं संथ मायोसिन घेऊ लागतं. संथ चालीचं मायोसिन इंधन कमी खातं, म्हणजे हा काटकसरीचा संसार झाला. मांजर, कुत्रा, माणूस यांच्या निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, संथ मायोसिन आधीपासूनच जास्त असतं, त्यामुळे हा बदल उंदराइतका ठळक दिसत नाही. उंदरातलं सगळं जसंच्या तसं चिमीला लावू नये याचं हे एक उदाहरण. मात्र त्याच जुन्या जनुकांतला एक, नॅट्रियुरेटिक पेप्टाइडचा (ताणलेलं हृदय रक्तात सोडतं ते संप्रेरक), मांजरातही जोरात चालू होतो. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी तोच आवाज ऐकते.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं वाटतं. बिघाड कुठे होतो?

पहिला रक्तपुरवठ्यात. निरोगी हृदयात ढोबळमानाने एका पेशीमागे एक केशवाहिनी असते. पेशीची रुंदी वाढली, केशवाहिन्या तेवढ्याच राहिल्या, तर प्राणवायूला पेशीच्या गाभ्यापर्यंत जास्त अंतर कापावं लागतं. भिंतीच्या आतल्या थराला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण तिथे ताण जास्त आणि ठोक्यादरम्यान रक्त पिळून निघतं तेही तिथलंच. वस्ती दुप्पट झाली आणि पाण्याची लाइन तीच राहिली की शेवटच्या मजल्यावर काय होतं, हे मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. त्यातच पेशीची तंतुकणिकांची (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा देणारे भाग) भट्टी कमी पडू लागते. उंदराच्या हृदयपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनीच भरलेला असतो. वाढीच्या धांदलीत सार्कोमिअर पुढे जातात, भट्ट्या मागे राहतात, आणि पेशी चरबी जाळायचं सोडून साखरेकडे वळते.

दुसरा बिघाड कॅल्शियमच्या ने-आणीत, आणि तो मला जास्त रंजक वाटतो. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या कवचातून थोडं कॅल्शियम आत येतं आणि ते आतल्या साठ्याचं दार उघडतं. हे कवच जागोजाग बोळांसारखं आत वळलेलं असतं, म्हणजे दोन्ही दारं अगदी समोरासमोर येतात. १९९७ मध्ये क्योटोच्या जातीतून पुढे निपजलेल्या, हृदय निकामी होणाऱ्या एका जातीच्या आणि मिठाने बीपी वाढणाऱ्या डाल जातीच्या उंदरांच्या पेशींत आना मारिया गोमेझ आणि सहकाऱ्यांनी बघितलं, तर बाहेरचा प्रवाह ठीक, आतला साठा ठीक, तरी साठ्यातून उडणाऱ्या कॅल्शियमच्या ठिणग्या कमी. दोन्ही टोकं धडधाकट आणि मधली हाक पोचत नाही. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले तेव्हा दिसलं की दाबाखालच्या पेशींत ते बोळच वेडेवाकडे आणि तुरळक झालेले असतात. शिवाय कॅल्शियम परत साठ्यात ओढणारा पंप मंदावतो. त्याचा पहिला परिणाम आकुंचनावर होत नाही, सैल होण्यावर होतो. पेशी आखडते ठीक, सुटते उशिरा. म्हणूनच जाड हृदयाची पहिली तक्रार 'पंप जोरात होत नाही' ही नसते, 'नीट भरत नाही' ही असते. चिमीच्या इको रिपोर्टमध्ये आकुंचन उत्तम आणि तरी डावं अलिंद (वरचा कप्पा) मोठं, असं काही लिहिलं असेल तर त्याचा अर्थ हा.

तिसरा बिघाड पेशीत नसतोच, पेशींच्या मधे असतो. हृदयातल्या एकूण पेशींत स्नायूपेशी संख्येने निम्म्याहूनही कमी भरतात. बाकीच्या अस्तराच्या, रक्तवाहिन्यांच्या आणि फायब्रोब्लास्ट. जागा मात्र स्नायूपेशींनीच व्यापलेली असते. दाब वाढला की फायब्रोब्लास्ट कोलॅजेन विणू लागतात. थोडं कोलॅजेन हवंच, नाहीतर भिंत एकसंध राहणार नाही. जास्त झालं की स्पंजचा काथ्या होतो, आणि विजेचा प्रवाह वळसे घेत जातो म्हणून ठोके चुकतात. आमच्याकडे वयस्क बीपीवाल्या उंदरांची हृदयं विकरात सुटायलाच तयार नसत. ठरलेली वेळ उलटून गेली तरी घट्टच. तेव्हा वैताग यायचा. नंतर कळलं की तो वैताग हाच निष्कर्ष होता.

आणि शेवटी पेशी मरतात का? मरतात, पण हृदयविकाराच्या झटक्यासारख्या घाऊक नाही, सुट्या सुट्या. मेलेल्या पेशीची जागा कोलॅजेन घेतं आणि शेजारणीवरचं ओझं वाढतं. डाल उंदराला सहा आठवड्यांच्या वयापासून आठ टक्के मिठाचं खाणं दिलं तर अकराव्या आठवड्याला हृदय जाड आणि कामाला चोख असतं. त्यानंतर काही आठवड्यांतच तेच हृदय फुगतं, पातळ पडतं आणि उंदीर धापा टाकू लागतो. क्योटोच्या जातीला दीड-दोन वर्षं लागतात ते इथे चार महिन्यांत.

आता तुमच्या मुलाचा दंड. खरी तुलना दंडाशी नको, धावणाऱ्या प्राण्याच्या हृदयाशी हवी. शर्यतीच्या ग्रेहाउंडचं हृदय अंगाच्या मानाने मोठं असतं, पोहायला लावलेल्या उंदराचंही जाड होतं, आणि त्यात ना कोलॅजेन साचतं ना गर्भातले जनुक उघडतात. केशवाहिन्याही सोबत वाढतात. सरधोपट उत्तर असं की व्यायाम तासभराचा, बीपी चोवीस तासांचं. चिमीचं हृदय मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठोके देतं, म्हणजे दिवसाला अडीच लाखांच्या घरात, आणि त्यातला प्रत्येक ठोका जादा दाबाविरुद्ध. मीही कित्येक वर्षं हेच उत्तर देत असे. मग २००६ मध्ये पेरिनो, रॉकमन आणि मंडळींनी उंदराच्या महाधमनीला असा फास बसवला की तो हवा तेव्हा आवळता आणि सोडता यावा. दाब रोज थोडाच वेळ वाढवायचा, जेवढा वेळ दुसरे उंदीर व्यायाम करत होते तेवढाच. तरीही फासवाल्यांत बिघाडाची लक्षणं दिसली, केशवाहिन्या विरळ झाल्या, हृदय नीट सैल होईना. म्हणजे विश्रांती मिळते की नाही एवढाच मुद्दा नाही. ओझं कुठल्या जातीचं आहे हेही पेशीला कळतं.

लाप्लासच्या गणिताला तडा गेला तो २००२ मध्ये. त्याच प्रयोगशाळेने असे उंदीर घेतले ज्यांच्यात जाड होण्याचा निरोपच जनुकीय बदलाने तोडला होता. महाधमनी आवळली, भिंत जाडावली नाही, ताण चढाच राहिला. जुन्या समजुतीप्रमाणे हे उंदीर आधी मरायला हवे होते. त्यांचं हृदय जाड झालेल्यांपेक्षा चांगलं चाललं. मग जाड होणं गरजेचं होतं का, निदान एवढं? मला वाटतं गणित बरोबर आहे, पण हृदय ते गणित सोडवायला जी वाट धरतं तीच वाट नुकसानाकडेही जाते.

पण मग जिराफ?

जिराफाच्या हृदयाजवळ सरासरी दाब दोनशेच्या आसपास असतो, आपल्या दुप्पट. दीड-दोन मीटर उंच मानेवरून डोक्याला रक्त पोचवायचं तर दुसरा इलाज नाही. पिल्लाची मान वाढते तशी दाबाबरोबर डाव्या निलयाची भिंतही जाडावत जाते. एवढं असूनही त्याचं हृदय अंगाच्या मानाने इतर सस्तन प्राण्यांइतकंच, वजनाच्या अर्धा टक्का. पोकळी अरुंद आणि भिंत जाड, म्हणजे लाप्लासचा हिशोब तंतोतंत. त्याची किंमत अशी की एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी. आणि बीपीवाल्या माणसाच्या हृदयात दिसतो तो काथ्या तिथे दिसत नाही. २०२१ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जिराफाच्या एफजीएफआरएल-१ या जनुकातले सात खास बदल उंदरात घातले आणि त्या उंदरांना २८ दिवस अँजिओटेन्सिन दिलं. हृदय आणि किडनीचं नुकसान साध्या उंदरांपेक्षा कमी झालं. वर्तमानपत्रांत 'बीपीवर जिराफाचा उपाय' अशा थाटाचं बरंच छापून आलं. मी जरा हात राखून आहे, कारण त्या उंदरांचा दाबच फारसा चढला नव्हता. दाब चढूनही पेशी सुरक्षित राहिल्या, असं ते दाखवत नाही. जिराफात मात्र दाब चढलेलाच असतो.

उजव्या बाजूचं एकच सांगून पुढे जाते, कारण ते आपल्याकडच्या कोंबडीपालकांना रोज दिसतं. झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरला प्राणवायू जास्त लागतो, फुफ्फुसं मात्र लहान आणि ताठर. फुफ्फुसाकडच्या वाहिन्यांतला दाब चढतो, उजवा निलय जाड होतो, थंडीत जास्तच. पक्ष्यांत उजवीकडची झडप पातळ पडद्याची नसते, स्नायूचीच असते. निलयाबरोबर तीही जाडावते, मिटायची थांबते, गळते, आणि पोटात पाणी. मेलेल्या पक्ष्याचं हृदय उघडून उजवा निलय वेगळा तोला. दोन्ही निलयांच्या वजनात तो पाव भागाच्या पुढे गेला तर निदान जवळजवळ झालं. कोलोरॅडोच्या डोंगरांवरच्या गुरांत विरळ हवेमुळे असंच होतं, छातीच्या पुढच्या भागावर सूज येते. १९१५ पासून पशुवैद्यकात त्याची नोंद आहे.

आता चिमी. तिची गोष्ट बहुधा किडनीपासून सुरू झाली. किडनीमुळे दाब चढतो हे हॅरी गोल्डब्लॅट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चिमटा लावून दाखवलं, म्हणजे हे ज्ञान माणसांच्या दवाखान्यात गेलं ते प्राण्यांकडून. मांजरात दुसरं नेहमीचं कारण थायरॉइड. तेराव्या वर्षी ती तपासणी झाली नसेल तर करून घ्या, कारण वाढलेलं थायरॉइड दाबही चढवतं आणि हृदय स्वतंत्रपणेही जाड करतं. मांजरांत हृदयस्नायूचा एक आनुवंशिक आजारही आहे. मेन कून जातीत त्याचा जनुकीय दोष २००५ मध्ये सापडला. इकोवर तो आणि बीपीचं जाडपण सारखंच दिसतं. म्हणून सहा मिलिमीटरच्या पुढची भिंत दिसली की आधी दाब आणि थायरॉइड बघायचं आणि मगच आनुवंशिक आजाराचं नाव घ्यायचं. उलट क्रमाने झालेली निदानं मी बरीच पाहिली आहेत.

१९५ हा आकडा एकदाच मोजलेला असेल तर पुन्हा मोजायला सांगा. चिमीला शांत खोलीत पाच-दहा मिनिटं बसू द्या, कफची रुंदी पायाच्या घेराच्या तीस-चाळीस टक्के हवी, पहिलं माप सोडून द्यायचं आणि नंतरच्या पाच-सात मापांची सरासरी काढायची. दवाखान्याच्या धास्तीने मांजराचं बीपी सहज चढतं. पण ती भिंतीला धडकते, म्हणजे तिचे डोळे गेले असावेत, आणि तुमच्या बाबतीत तो आकडा खराच असण्याची शक्यता जास्त. १८० च्या वर थांबायचं नसतं, कारण हृदयाआधी डोळे आणि मेंदू धोक्यात असतात. जास्त दाबाने डोळ्याच्या आतला पडदा सुटतो; तो सुटून फार दिवस झाले नसतील तर दाब उतरल्यावर थोडी दृष्टी परत येऊ शकते. खात्री देता येत नाही.

मांजरात पहिलं औषध बहुतेक वेळा अ‍ॅम्लोडिपिन, कधी टेल्मिसार्टन. घरात आजोबांची अ‍ॅम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी असेल तर ती तुकडे करून देऊ नका. मांजराची सुरुवातीची मात्रा तिच्या सुमारे आठव्या भागाइतकी असते, आणि स्वयंपाकघरातल्या सुरीने आठ सारखे भाग होत नाहीत. कुठलं औषध, किती आणि केव्हा, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

औषधाने काय मागे येतं? रुंद पेशी बारीक होते, ते तुलनेने सोपं. कोलॅजेन हट्टी असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्योटोच्या जातीच्या उंदरांना लिसिनोप्रिल दिल्यावर साचलेलं कोलॅजेनही कमी झालं आणि हृदय पुन्हा सैल पडू लागलं, म्हणजे अशक्य नाही. मेलेली पेशी परत येत नाही. दवाखान्यात मी पाहते की काही मांजरांची भिंत काही महिन्यांत पातळ होते, काहींची दाब १५० च्या खाली येऊनही तशीच राहते, आणि तशी राहूनही ती मांजरं वर्षानुवर्षं ठीक जगतात. इकोच्या मिलिमीटरपेक्षा मला पुढच्या वेळचं बीपी आणि डाव्या अलिंदाचा आकार जास्त महत्त्वाचा वाटतो.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. किडनी कमजोर म्हणून कोणी सलाइन लावायला किंवा कातडीखाली पाणी द्यायला सांगितलं तर 'हिचं हृदय जाड आहे' हे आधी सांगा. बीपीने जाड झालेलं मांजराचं हृदय स्वतःहून क्वचितच निकामी होतं. पण सैल न होणाऱ्या हृदयात भराभर पाणी ओतलं तर ते मागे फुफ्फुसात तुंबतं. आज रात्री चिमी गाढ झोपली की मोबाइलवर एक मिनिट लावा आणि तिच्या छातीची वर-खाली मोजा. वर आणि खाली मिळून एक. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. रोज तिसाच्या आत राहिला तर ठीक, दोन-तीन वेळा मोजूनही तिसाच्या वर जायला लागला तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना तेव्हाच फोन करा.